निफ्टी ३६ टक्के वर, डॉलरमध्ये १८च: रुपयाच्या घसरणीचा हिशेब कसा धरायचा?

आखातवासी
२०२१ च्या अखेरीस डॉलर ७४.३० रुपये असताना १०,००० डॉलर, म्हणजे ७,४३,००० रुपये निफ्टी इंडेक्स फंडात गेले. २०२४ च्या अखेरीस निफ्टी १७,३५४ वरून २३,६४५ वर, डॉलर ८५.६० वर. कमाई यूएईच्या दिरहममध्ये आहे आणि तो डॉलरला बांधलेला (३.६७२५). डॉलर १५ टक्के महागला, मग ३६ मधून १५ वजा करून २१ टक्के परतावा धरायचा का? पुढे हेजिंग, म्हणजे पुढचा डॉलरचा दर आधीच बांधून घेणं, यात अर्थ आहे का?

वायदेबाज
वजाबाकी नको, गुणाकार करा. डॉलर १५ टक्के चढला, पण रुपया १३ टक्केच उतरला: ७४.३० ÷ ८५.६० = ०.८६८. मग १.३६ × ०.८६८ = १.१८. तुमचे झाले साधारण ११,८०० डॉलर, लाभांश सोडून. एसआयपी असेल तर प्रत्येक हप्ता त्या-त्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये मांडा आणि मगच एक्सआयआरआर (हप्त्यांच्या तारखा धरून काढलेला वार्षिक परतावा) काढा. रुपयातल्या एक्सआयआरआरमधून शेवटी घसरण वजा केलीत तर उत्तर चुकतं, कारण अलीकडच्या हप्त्यांना घसरणीची झळ कमी बसलेली असते.

हेजिंगचा खर्च ढोबळमानाने दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकाएवढा. तो २ टक्के धरला तर १०,००० डॉलरवर वर्षाला २०० डॉलर गेले. वरच्या तीन वर्षांत रुपया वर्षाला साधारण साडेचार टक्के उतरला, तेव्हा हेज फायद्याचा ठरला असता. पण जी वर्षं रुपया जागच्या जागी राहतो, तेव्हा हा खर्च दरवर्षी परताव्यातून कापला जातो. दहा-पंधरा वर्षांसाठी ठेवणाऱ्याने या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पैसे दोन वर्षांत डॉलरमध्ये लागणार असतील तर ते शेअरमध्येच नकोत.

ताळेबंद
इंडेक्सच्या आतही बघा. आयटी कंपन्यांची कमाई डॉलरमध्ये आणि बराचसा पगारखर्च रुपयात, त्यामुळे रुपया १ टक्का उतरला की मार्जिन (विक्रीतला नफ्याचा वाटा) साधारण पाव टक्का सुधारतं. उलट विमान कंपन्या विमानांसाठी भरतात ती भाडी आणि तेल कंपन्यांची खरेदी डॉलरमध्ये. सगळ्यात घातक म्हणजे रुपयात कमाई, डॉलरमध्ये कर्ज आणि हेज नाही. वार्षिक अहवालात आर्थिक साधनांच्या टिपेत ‘अनहेज्ड’ विदेशी चलनाचा आकडा असतो, तो वर्षाच्या नफ्याशी ताडून बघा.

सीमापार
रुपया हळूहळू उतरतो, ते तुलनेने सुसह्य. तुर्कस्तानात २०२१ मध्ये बिस्ट १०० निर्देशांक लिरात २६ टक्के वर गेला, पण डॉलर ७.४३ वरून १३.३० लिरांवर गेल्याने डॉलरवाल्याचं जवळपास ३० टक्के नुकसान झालं. नायजेरियात वेगळंच दुखणं: जून २०२३ पर्यंत अधिकृत दर डॉलरला ४७० नायराच्या आसपास धरून ठेवला होता, पण त्या दराने डॉलर मिळायचेच नाहीत. स्टेटमेंटवर नफा, पण पैसे अडकलेले. अवमूल्यन जाहीर झालं तेव्हा आधीच झालेलं नुकसान फक्त कागदावर उतरलं. म्हणून अशा बाजारात शिरण्याआधी अधिकृत आणि समांतर (खुल्या किंवा काळ्या बाजारातल्या) दरातली तफावत बघा. ती रुंद असेल तर थांबा. नवे पैसे अवमूल्यनानंतरच घाला.

करकारण
कराचं राहिलं. लिस्टेड शेअर आणि इक्विटी फंडांवरचा दीर्घकालीन नफा रुपयातच मोजतात: वर्षाला सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के, अधिक सेस. इथे रुपयात नफा साधारण २,६९,०००, पण डॉलरमधला नफा ८५.६० च्या दराने दीड लाखाच्या थोडा वर. म्हणजे रुपयाने खाल्लेल्या भागावरही कर. मात्र यूएईचा टीआरसी (तिथले करनिवासी असल्याचा दाखला) असेल तर फंडाच्या युनिट्सवरचा नफा भारत-यूएई कर करारानुसार भारतात करपात्र नाही, असे आयकर न्यायाधिकरणाचे निकाल आहेत. थेट शेअरला ते लागू नाहीत. विकण्याआधी सीएला हे विचाराच. आणि गुंतवणूक एनआरओतून (अनिवासींचं भारतातल्या कमाईचं खातं) केली असेल तर पैसे बाहेर न्यायला करविषयक घोषणापत्र, सीएचा दाखला आणि आर्थिक वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा. एनआरईतून (परदेशी कमाई ठेवायचं खातं) केली असेल तर ही मर्यादा नाही.