मदत हवी आहे: विकास आराखड्यात गावाचं खरं सुख मोजायचं कसं?
नमस्कार मंडळी. ग्रामपंचायत विकास आराखड्याला ९ संकल्पना आहेत: गरिबीमुक्त, आरोग्यदायी, बालस्नेही वगैरे. ग्रामसभेत संकल्प छान होतो, कामं मात्र गटार आणि पेव्हर ब्लॉकचीच निघतात. १५व्या वित्त आयोगाचा (२०२१-२६) ६० टक्के निधी बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार करता येत नाहीत. मग माणूस लागतो ती कामं मागे पडतात, सिमेंट पुढे सरकतं.

खोट निर्देशकात, म्हणजे प्रगती मोजायच्या मापातही आहे. 'नळजोडणी १०० टक्के' म्हणजे पाणी मिळालं असं धरतात. जलजीवन मिशनचं (घरोघरी नळाची सरकारी योजना) प्रमाण माणशी रोज ५५ लिटर, पाच जणांच्या घराला २७५. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरत असेल तर रोज साधारण २८ मिनिटं धार हवी. हे शेवटच्या टोकाच्या नळावर मोजायचं. टाकीजवळ मोजलं तर सगळं गोडच दिसतं.

बचत गटाला मोजता येतील असे ६-७ निर्देशक हवे आहेत: मुलांचं वजन, सरपण-पाण्यात जाणारा बायकांचा वेळ, मजुरीचे दिवस. कुणी असा ठराव करून घेतलाय का? नमुना तक्ता असेल तर टाका. आणि माणसांवरचा खर्च स्वनिधीतून (पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून) कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे हिशेबातल्या खर्चाच्या सदराखाली, दाखवता?