भारतातला इंटरनॅशनल परवाना व्हिएतनाम आणि थायलंडला बाइक भाड्याने घ्यायला चालतो का?

कराडकर_३५०
मंडळी, नोव्हेंबरात मी आणि धाकटा भाऊ आधी व्हिएतनामात हनोई, तिथून उत्तरेकडच्या 'हा जियांग' भागातले घाट, मग विमानाने थायलंडमधलं चियांग माई आणि माए हाँग सोनची फेरी, असा बेत आहे. मी बुलेट बरीच वर्षं चालवतो, लायसन्सवर एमसीडब्ल्यूजी (गिअरची मोटरसायकल) आणि एलएमव्ही (हलकी चारचाकी) दोन्ही आहे. भावाच्या लायसन्सवर फक्त एलएमव्ही. गावात मोटरसायकल फिरवतो तो, पण लायसन्सवर कधी चढवून घेतली नाही. आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, "इंटरनॅशनल काढून देतो, साडेतीन हजार, जगात कुठंबी चालवा." हनोईच्या दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर त्याचं म्हणणं, काहीच लागत नाही, पासपोर्ट ठेवा आणि गाडी न्या. कुणाचं खरं धरायचं?

भटका_नगरी
कशाला एवढं टेन्शन घेता राव. आम्ही चौघं गेलतो, कुणी लायसन विचारलं नाही. अडवलं तर थोडं हातावर ठेवायचं, हसायचं, पुढं निघायचं. हेल्मेट तेवढं घाला.

ठाणे_टू_स्पिती
पोलिसांचं राहू द्या बाजूला. माझी सगळी नोकरी प्रवासविम्याचे दावे तपासण्यात झाली आणि सुट्टीत मी स्वतः बाइकवर भटकते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कराडकर दादा, दोघांचंही धरू नका. दुकानदाराला गाडी खपवायची आहे, एजंटाला फॉर्म.

आपल्याकडे पुस्तिकेच्या रूपात मिळतो तो इंटरनॅशनल परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराखाली दिला जातो. थायलंड त्या करारात आहे, त्यामुळे चियांग माईत तो चालतो. व्हिएतनाम मात्र १९६८ च्या व्हिएन्ना करारात आहे, २०१४ पासून, आणि तिथे त्याच करारातला परवाना धरतात. भारत त्या करारात नाही. म्हणजे हा जियांगच्या रस्त्यावर तुमची ती पुस्तिका पोलिसाने कितीही उलटून पाहिली तरी कायद्याच्या हिशोबाने तुम्ही विनापरवाना. १ जानेवारी २०२५ पासून तिथला दंडही चांगलाच वाढलाय: १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला २० ते ४० लाख डाँग, त्यावरच्या गाडीला ६० ते ८० लाख. आकडे ऐकून घाबरू नका, तिथले साधारण तीनशे डाँग म्हणजे आपला एक रुपया. तरी दीडशे सीसीची होंडा घेतलीत तर वीस हजारांच्या वर गेलात, शिवाय गाडी अडकून पडते ती वेगळीच. हातावर ठेवण्याचे दिवस गेले, नगरकर.

आणि दंड भरून माणूस घरी येतो. माझ्या टेबलावर यायच्या त्या फायली पाय मोडलेल्यांच्या. पॉलिसीत वैद्यकीय खर्चाची रक्कम मोठी असते, सगळे तेवढंच वाचतात. आत कुठेतरी अट असते की ज्या देशात वाहन चालवताय तिथला वैध परवाना हवा आणि हेल्मेट घातलेलं हवं. काही पॉलिसींत मोटरसायकल मुळातच वगळलेली असते, काहींत ठरावीक सीसीच्या वरची. दावा आला की आम्ही पहिली मागायचो परवान्याची प्रत, मग पोलीस रिपोर्ट. भाड्याची पावती शेवटी. परवाना नसेल तर पुढची पानं उलटायची गरजच पडायची नाही. पॉलिसी घेण्याआधी कंपनीला ईमेलवर विचारा: अमुक देश, अमुक सीसी, हा परवाना, चालेल का? उत्तर लेखी घ्या. फोनवर सगळे हो म्हणतात.

आता परवाना काढण्याबद्दल. एजंट नको. सरकारच्या सारथी या लायसन्सच्या पोर्टलवर अर्ज होतो, फॉर्म ४-ए, सरकारी फी हजार रुपये. पासपोर्ट आणि चालू लायसन्स लागतं. वैद्यकीय प्रमाणपत्र आणि अर्ज करतानाच व्हिसा असण्याची अट २०२१ च्या जानेवारीत केंद्राने काढून टाकली. तरी खिडकीवर तिकीट बघायला मागितलं तर वाद घालू नका, प्रिंट खिशात असू द्या. मुदत एक वर्ष, मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तोवरच. पुस्तिका हातात आली की तिथेच उघडून 'ए' वर्गावर शिक्का आहे का बघा, मोटरसायकल म्हणजे ए. नुसता 'बी' असेल तर ती चारचाकीपुरती. भावाचं घोडं इथेच अडणार, कारण मूळ लायसन्सवर जे नाही ते इंटरनॅशनलवर येत नाही.

आणि मूळ कार्ड सोबत न्या. पुस्तिका एकटी चालत नाही, आणि डिजिलॉकर बघून तिकडचा हवालदार मान हलवणार नाही.

लन्ना_पुणेकर
ताईंनी मुळावरच बोट ठेवलंय. मी कामानिमित्त चियांग माईत राहतो, भाड्याचं सांगतो.

इथे पासपोर्ट मागतातच. मूळ पासपोर्ट ठेवून येऊ नका. फोटोकॉपी आणि रोख डिपॉझिट घेणारी दुकानं भरपूर आहेत, सवाशे सीसीच्या स्कूटरला तीन हजार बाटच्या आसपास. पासपोर्टच पाहिजे म्हणून अडून बसला तर शेजारच्या दुकानात जा. पासपोर्ट त्याच्या ड्रॉवरमध्ये असला की परत देताना प्रत्येक ओरखड्याची किंमत तोच ठरवतो. माझ्याकडे आलेल्या एका पाहुण्याला जुन्याच चरोट्यासाठी नव्या पॅनेलचे पैसे मोजावे लागले. गाडी ताब्यात घेताना दुकानदारासमोरच चहूबाजूंनी व्हिडिओ काढा, आरसे, सायलेन्सर आणि सीटखालची बाजूसुद्धा.

करारपत्रात तुमचं नाव, पासपोर्ट क्रमांक, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ नीट लिहून घ्या. गाडीवर चालू वर्षाचं टॅक्सचं स्टिकर हवं, आणि नोंदणीची प्रत सोबत मागा. दुकानदार "इन्शुरन्स आहे" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो इथला सक्तीचा विमा असतो, पो रो बो म्हणतात. त्यात माणसांच्या दुखापतीचं थोडंफार मिळतं. गाडीचं नुकसान आणि चोरी त्यात नाही, ते तुमच्या डोक्यावर.

गावातून बाहेर पडताना नाकाबंदी असतेच, आणि परदेशी दिसला की हात वर होतो. पुस्तिका आणि कार्ड दाखवलंत की मिनिटभरात सोडतात. रस्ता डावीकडचा, आपल्यासारखाच. व्हिएतनामात उजवीकडून चालावं लागतं, घाटात समोरून ट्रक आला की हात सवयीने भलतीकडे वळतो. चियांग माईहून 'पाय' नावाच्या गावाकडे जाणाऱ्या १०९५ नंबरच्या रस्त्यावर वळणंच वळणं, खंबाटकीवाल्याला मजा येईल.

भटका_नगरी
इन्शुरन्सचं ठाऊक नव्हतं ताई. पण मग हा जियांग बघायचंच नाही का माणसानं?

ठाणे_टू_स्पिती
बघा की! तिथे ईझी रायडर मिळतो, गाडी त्याची, चालवणारा तिथलाच, तुम्ही मागे बसायचं. मा पि लेंगच्या खिंडीत खाली नदी दिसते, ती हँडल धरणाऱ्याला नीट बघताही येत नाही. दोन भाऊ, दोन ड्रायव्हर. मात्र पॉलिसीत मागे बसणाऱ्याचं काय लिहिलंय तेही विचारून घ्या.

कराडकर_३५०
ताई, पुणेकर, आभार. ठरलं: व्हिएतनामात मागे बसणार, थायलंडमध्ये मी चालवणार. बुलेटवाला आणि मागच्या सीटवर, मित्र हसतील, हसू देत. भावाला मोटरसायकल चढवून घ्यायला वेळ पुरेल का?

ठाणे_टू_स्पिती
आधी दुचाकीचं शिकाऊ लायसन्स काढावं लागेल, मग तीस दिवस थांबायचं, मग चाचणी. नंतर नवं कार्ड, त्यावर इंटरनॅशनल. आत्ताच अर्ज टाकला तर जमेल, गणपती झाल्यावर बघू म्हणालात तर नाही. चाचणीला गाडी तुम्हालाच न्यायची असते. बुलेटवर आठ काढणं अवघड जाईल त्याला, कुणाची तरी हलकी गाडी मागून घ्या आणि तिचा विमा, पीयूसी चालू आहे का ते आदल्या दिवशी बघा.