ड्राफ्टपूर्वी कॉलेज बास्केटबॉलपटूंची पारख करताना नेमके काय पाहावे?

प्रश्न (लातूर)

नमस्कार. आम्ही लातूरचे काही मित्र अमेरिकेतील कॉलेज बास्केटबॉलचे सामने पहाटे उठून पाहतो आणि एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेच्या, आधी आपापली क्रमवारी तयार करतो. दोन फेऱ्या मिळून जेमतेम ६० खेळाडू निवडले जात असल्यामुळे कोणाला वर ठेवायचे यावर दरवर्षी कडाक्याचे वाद होतात. दुबळ्या संघांविरुद्ध सामन्यामागे २२ गुण करणारा मुलगा आणि बलाढ्य संघात राहून १२ गुण करणारा मुलगा यांची तुलना कशी करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ (परभणी)

गुण संधीवर अवलंबून असतात. ज्या संघात गुण करणारा दुसरा कोणी नाही, तिथे चेंडू आपोआप एकाच मुलाकडे येतो, म्हणून गुण मी सर्वांत शेवटी पाहतो.

थ्री पॉइंटरच्या, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या तीन गुणांच्या शॉटच्या, टक्केवारीवरही फार विसंबू नये. सामन्यात चार प्रयत्न करणाऱ्या खेळाडूचे हंगामभरात सुमारे १३० प्रयत्न होतात. त्यांपैकी ४५ यशस्वी झाले तर टक्केवारी ३५ च्या खाली राहते आणि ५० झाले तर ३८ च्या वर जाते. म्हणजे रिंगच्या कडेवर फिरून आत पडलेले पाच चेंडू एखाद्याला ‘उत्तम शूटर’ ठरवू शकतात. शिवाय कॉलेजची थ्री पॉइंट रेषा २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे, तर एनबीएची समोरून २३ फूट ९ इंचांवर. फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) मात्र दोन्हीकडे १५ फुटांवरून आणि कोणाच्याही अडथळ्याविना घेतला जातो, त्यामुळे हाताची खरी सफाई तिथे दिसते. मार्केल फुल्ट्झ वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळताना थ्री पॉइंटरमध्ये ४१ टक्क्यांवर, पण फ्री थ्रोमध्ये ६५ टक्क्यांच्या आसपास होता. २०१७ मध्ये त्याची निवड पहिल्या क्रमांकावर झाली, पण एनबीएत त्याचे शूटिंग तसे टिकले नाही.

उत्तर २ (छत्रपती संभाजीनगर)

परभणीच्या दादांचा फ्री थ्रोचा मुद्दा मला पटतो, परंतु फुल्ट्झचे उदाहरण त्याच्यावर अन्याय करणारे आहे. त्याला पुढे थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि खांद्यादरम्यानच्या नसांवर दाब येण्याचा विकार असल्याचे निदान झाले होते. शरीराच्या अशा तक्रारी टक्केवारीच्या तक्त्यात दिसत नाहीत.

मी मुलींना प्रशिक्षण देते, म्हणून माझे लक्ष आधी डिफेन्सकडे जाते. कॉलेजमध्ये उंच सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) रिंगखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो आणि आलेले शॉट अडवू शकतो. एनबीएत कोणाला जवळून न अडवता तिथे तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, आणि समोरचा संघ पिक अँड रोल करून (एकाने बचावपटूची वाट अडवायची आणि मग रिंगकडे वळायचे, अशी चाल) त्याला मुद्दाम बाहेर ओढतो. आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतही हेच दिसते: रिंगखाली दरारा असलेला मुलगा चेंडू हाताळणाऱ्या चपळ गार्डसमोर बाहेर आला की टाचांवर उभा राहतो, कंबर खाली जात नाही आणि पहिल्याच पावलात मागे पडतो. म्हणून चेंडू सोडून सलग काही मिनिटे फक्त त्या एका खेळाडूचे पाय पाहावेत.

शिकागोच्या कम्बाइनमधील (ड्राफ्टपूर्वीच्या चाचणी शिबिरातील) मोजमापांत हातांच्या पसाऱ्याला, म्हणजे फैलावलेल्या हातांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या अंतराला, मी महत्त्व देते. कवाय लेनर्डचा पसारा ७ फूट ३ इंच होता आणि २०११ मध्ये १५ व्या क्रमांकावर निवडला गेल्यावर त्याच हातांनी त्याने डिफेन्स गाजवला. याउलट पुढे एनबीएचा मोठा स्टार झालेल्या केव्हिन ड्युरंटला २००७ मध्ये १८५ पौंडांचे वजन बेंच प्रेसवर एकदाही उचलता आले नव्हते, आणि त्यावरून त्याच्या खेळाविषयी काहीच कळले नाही.

प्रश्नकर्ता (लातूर)

दोघांचेही मनापासून आभार. वयाचा विचार कसा करावा?

उत्तर ३ (नांदेड)

वय अवश्य पाहावे, सर. १९ वर्षांच्या मुलाने आणि २२ वर्षांच्या मुलाने सारखीच कामगिरी केली, तर वाढीला अधिक वाव पहिल्याकडे असतो. पण हा निकष ताणला की चांगले खेळाडू हातचे जातात. ड्रेमंड ग्रीन मिशिगन स्टेटमध्ये चार वर्षे खेळला आणि २०१२ मध्ये ३५ व्या क्रमांकापर्यंत थांबला. व्हिलानोव्हाचा जेलन ब्रन्सन दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवूनही २०१८ मध्ये ३३ वा गेला, कारण उंची ६ फूट २ इंच आणि कॉलेजची तीन वर्षे झालेली. तुमच्या १२ गुणांच्या मुलाविषयी मी एवढेच तपासेन की बरोबरीच्या संघाविरुद्ध, शॉट क्लॉक (शॉट घेण्यासाठी ठरलेला वेळ) संपत आलेला असताना, त्याचे सहकारी चेंडू कोणाकडे देतात. तो त्याच्याकडे येत असेल, तर मी त्याला २२ गुणांच्या मुलाच्या वर ठेवेन.