खडकवासल्यात पाणी अडवायला जागा किती?

"धरण असून पुण्यात मुठेकाठच्या एकतानगरीत पाणी शिरतंच कसं?" हा प्रश्न रास्त आहे, पण शहराच्या वरच्या अंगाला असलेलं खडकवासला धरण पूर अडवायला बांधलेलंच नाही. ते पिण्याच्या आणि शेतीच्या पाण्यासाठी आहे, म्हणजे पावसाळा संपताना ते भरलेलं हवं. पूर अडवायला मात्र धरणात जागा रिकामी लागते.

त्यात खडकवासल्याची वापरता येणारी साठवण जेमतेम २ टीएमसी (अब्ज घनफूट). वरून ३५,००० क्युसेक (सेकंदाला घनफूट) येत राहिले तर रिकामं धरणही १६ तासांत काठोकाठ भरतं. मग दरवाजे उघडावेच लागतात, नाहीतर धरणालाच धोका. १२ जुलै १९६१ ला वरच्या अंगाचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्यानं खडकवासलाही फोडलं. शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या जिन्यावर त्या गाळाची रेघ होती, आजी त्या पायरीवर कधी बसली नाही.

म्हणून माझा राग विसर्गावर नाही, त्याच्या वेळेवर आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर ही वरची धरणं भरत आलेली असताना जोराच्या पावसाचा अंदाज आला, तर दुपारीच थोडं थोडं पाणी सोडा. भर रात्री एकदम वाढवलेला विसर्ग झोपलेल्या माणसांच्या घरात जातो. आणि निळ्या पूररेषेच्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द) आतले भराव आधी काढा, नदीला वाटच उरलेली नाही.