अनुभव धागा: दाढ काढल्यानंतर तोंडाची काळजी

पेठेतली_मेथी
औषधांचा डबा आवरताना दवाखान्यातली जुनी चिठ्ठी हाती लागली. घडीवर विरलेली, निळ्या शाईत एकच ओळ: "आज थुंकायचे नाही." सगळी काळजी त्या एका ओळीत आहे असं पुन्हा वाटलं, म्हणून धागा काढतेय.
दाढ निघाली की खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते. खालचं उघडं हाड झाकणारी तीच पट्टी. थुंकलं, खळखळून चूळ भरली, स्ट्रॉने ओढलं की ती सुटते. म्हणून पहिले २४ तास लाळ गिळायची. गुलाबी लाळ दिवसभर येणारच, लाळेत दोन थेंब रक्त मिसळलं तरी तोंडभर रक्त आल्यासारखं वाटतं. घाबरून माणूस थुंकत राहतो आणि त्यानेच रक्त थांबत नाही.
माहीत असेल ते नेमकं लिहा.

दंतवैद्य_कोथरूड
मेथीताई, बरोबर. गॉजबद्दल, म्हणजे खड्ड्यावर ठेवायच्या जाळीदार कापडाच्या घडीबद्दल, भर घालतो. ४५ मिनिटं दाबून धरायचा, मध्ये काढून बघायचा नाही आणि बोलायचं नाही. घोटाळा होतो तो जागेत: गॉज सरकून शेजारच्या दातांवर बसतो, माणूस इमानदारीने चावत असतो आणि खड्ड्यावर दाबच पडत नाही. घडी इतकी जाड हवी की दाब थेट खड्ड्यावर यावा. काढताना सुकलेला वाटला तर दोन थेंब पाणी सोडा, नाहीतर गुठळीही बरोबर येते. रक्त चालूच असेल तर नवा गॉज ओला करून, पिळून, आणखी अर्धा तास. गॉज नसेल तर चहाची टी बॅग भिजवून, गार करून, पिळून तशीच धरा. चहातल्या टॅनिनने रक्त धरायला मदत होते. सुटी चहापूड मात्र नको.
दोन वेळा असं करूनही भळभळ थांबली नाही तर घरी बसू नका, दवाखान्यात या.

रिक्षावाले_काका_नको
गॉज तोंडात घेऊन रिक्षात बसणाऱ्यांनी पत्ता आधी कागदावर लिहून ठेवा. सांगायला तोंड उघडलं की गॉज सरकलाच.

औषधवाली_धनकवडी
गोळ्यांचं सांगते. बधिरपणा २ ते ४ तास टिकतो, खालच्या जबड्यात जरा जास्तच. पहिली गोळी तो उतरायच्या आधी, दुधासारखं चावावं न लागणारं काहीतरी घेऊन. कळ सुरू झाल्यावर घेतली तर ती आवरायला वेळ लागतो. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी चालू असेल तर सर्दीची गोळी वेगळी घेऊ नका, तिच्यातही बहुधा पॅरासिटामॉल असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाऊ द्यायचं नाही. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच. दुखण्यासाठी अ‍ॅस्पिरिन नको, रक्त वाढतं. ती हिरडीवर ठेवायची तर नाहीच, कातडी जळून पांढरी पडते.
उपवासाच्या दिवशी दाढ काढायला जाऊ नका हो. रिकाम्या पोटी गोळी नको आणि साबुदाणा दाढेत चिकटून बसतो.

सासरमाहेर
हळद दाबली तर? लवंगेचं तेल?

दंतवैद्य_कोथरूड
ताई, दोन्ही नको. ताज्या खड्ड्यात पूड कचरा होऊन बसते आणि लवंगेचं तेल उघड्या जागेला भाजतं. लवंगेतलंच युजेनॉल आम्ही पुढे ड्राय सॉकेटच्या (गुठळी सुटून खड्ड्यातलं हाड उघडं पडतं त्या त्रासाच्या) पट्टीत वापरतो, पण ते मापात आणि खड्डा धुऊन.
ड्राय सॉकेट ओळखायचं असं: दुखणं कमी होत आलेलं असतं आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एकदम उसळतं. कळ कानापर्यंत जाते, तोंडाला वास येतो, आरशात खड्डा रिकामा दिसतो. खालच्या अक्कलदाढेला जास्त, सिगारेट-विडीवाल्यांना तर फारच. म्हणून धूर, तंबाखूचा बार, मशेरी किमान ३ दिवस बंद, आठवडाभर झालं तर उत्तम. असं दुखायला लागलं तर गोळ्या वाढवू नका, येऊन पट्टी बसवून घ्या.

वरणभात_फॅन
मिठाचं पाणी कधीपासून? आमच्याकडे संध्याकाळीच गुळण्या सुरू होतात.

पेठेतली_मेथी
२४ तासांनी. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून ४-५ वेळा, प्रत्येक खाण्यानंतर. गुळणी नव्हेच ती: पाणी तोंडात घ्यायचं, मान हळूच डावी-उजवीकडे कलवायची आणि बेसिनवर वाकून तोंड उघडायचं. पाणी आपोआप पडतं. ब्रश त्याच रात्री, फक्त ती जागा सोडून.

औषधवाली_धनकवडी
क्लोरहेक्सिडिनचं माउथवॉश लिहून दिलं असेल तर तेही दुसऱ्या दिवसापासून, आणि पेस्टनंतर अर्धा तास थांबून. लगेच घेतलं तर पेस्टच्या फेसाने त्याचा असर जातो. लांबलं की दात तपकिरी पडतात, म्हणून सांगितले तेवढेच दिवस.

ताशा_दुसरी_रांग
पथकाचा सराव सुरू आहे. ढोल किती दिवसांनी बांधायचा?

दंतवैद्य_कोथरूड
दादा, साधी दाढ असेल तर ३-४ दिवस ढोल नको, सिंहगड नको. वजन उचललं, वाकलं की दाब वाढून रक्त सुटतं. शस्त्रक्रिया झाली असेल तर आठवडा. आणि वरची मागची दाढ असेल तर शंख किमान २ आठवडे अजिबात नाही. तिची मुळं सायनसच्या, म्हणजे गालामागच्या हवेच्या पोकळीच्या, तळाला लागून असतात, मधलं हाड पातळ. फुंकलं की तिथे भोक राहू शकतं. कपालभाती, जलनेती, नाक शिंकरणं यालाही तेच. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्या. पाणी पिताना नाकातून आलं तर त्याच दिवशी दाखवा.

ताशा_दुसरी_रांग
शंखवाल्याला पाठवतो हे. धन्यवाद डॉक्टर.

सासरमाहेर
रक्त पातळ करायच्या गोळ्या आधी बंद करायच्या ना?

दंतवैद्य_कोथरूड
स्वतःहून कधीच नाही! हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. वॉरफेरिनवाल्यांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी, ताजी करून आणायची. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर तेही दाढ काढण्याआधी सांगा, जबड्याचं हाड भरायला अडचण येते. मधुमेहींनी साखर तपासून, खाऊन यायचं.

वरणभात_फॅन
बर्फ?

पेठेतली_मेथी
फडक्यात गुंडाळून गालावर बाहेरून, १५ मिनिटं ठेवायचा, १५ मिनिटं काढायचा, पहिला दिवसच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, ती ठरलेली. तिसऱ्यानंतरही वाढली, ताप १०१ च्या वर गेला किंवा गिळता येईना तर दवाखाना गाठा. श्वासाला अडलं तर रात्र आहे म्हणून थांबू नका.

मस्तानीप्रेमी
मस्तानी चालते का हो?

औषधवाली_धनकवडी
चालते, चमच्याने. स्ट्रॉ दुकानातच ठेवून या. वरचा सुका मेवा काढायला सांगा.

वरणभात_फॅन
आणि गुरगुट्या भात! आंबेमोहोर एक वाटी, पाणी सहा वाट्या, कुकरला ५ शिट्ट्या, वरून तूप-मीठ. कोमट करूनच. बधिरपणा उतरेपर्यंत तोही नको, गाल चावला जातो आणि कळत नाही. लहान मुलं तर ओठ चावून फोड आणतात, तेवढे तास शेजारी बसा. मिसळ, बाकरवडी, राजगिरा, तीळ आठवडाभर नको. बारीक दाणा खड्ड्यात गेला की निघत नाही.

कात्रजकर_आजी
आज तिसरा दिवस आहे. खड्ड्यावर पांढरट पिवळा थर आलाय. सून म्हणते पू आहे, इअरबडने काढू का?

दंतवैद्य_कोथरूड
आजी, हात लावू नका. ताप नाही, वास नाही, दुखणं कमी होतंय ना? मग तो पू नाही, खालून नवी कातडी धरतेय. हिरडी मिटायला ३-४ आठवडे लागतात, आत हाड भरायला ४-६ महिने. टाके काळ्या धाग्याचे असतील तर सातव्या दिवशी काढून घ्या.

कात्रजकर_आजी
बरं, नाही लावत. वरणभात_फॅन, आंबेमोहोर संपलाय, इंद्रायणी चालेल का?

वरणभात_फॅन
चालेल की आजी. मुळात मऊच होतो तो, ४ शिट्ट्या पुरे.