विभक्त झालेले दांपत्य आणि त्यांच्यामागची माणसे : आपले अनुभव लिहावेत

हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तर पती-पत्नी किमान एक वर्ष वेगळे राहत असावे लागतात आणि अर्ज केल्यावर आणखी सहा महिने थांबावे लागते. २०१७ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे सहा महिने न्यायालय माफही करू शकते. त्या दोघांविषयी पुष्कळ लिहिले जाते. येथे मात्र आजी-आजोबा, मामा, आत्या आणि आता मोठी झालेली मुले यांनीही लिहावे, अशी कळकळीची विनंती आहे. नावे देऊ नयेत आणि कोण बरोबर याचा निवाडा करू नये.

एक आजी :
मुलगा आणि सून वेगळे झाले तेव्हा नातू पहिलीत होता. ताबा सुनेकडे गेला आणि तो तिच्याकडेच जावा असे मलाही वाटत होते. न्यायालयाच्या आदेशात भेटीचा हक्क नातवाच्या वडिलांना होता, आमचा त्यात उल्लेख नव्हता. त्यामुळे मुलगा नोकरीसाठी परदेशी गेल्यावर आमच्याही भेटी थांबल्या. त्याआधी आम्ही कौटुंबिक न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत भेटत असू. दाराशी नोंदवही, कोपऱ्यात चाके निघालेल्या मोटारी. नातू डब्यातला बेसनाचा लाडू अर्धा खाई आणि उरलेला "आईला देतो" म्हणून रुमालात बांधून ठेवी. भेटी थांबल्यावर काही महिन्यांनी सुनेचाच फोन आला, "आई, तो तुमची फार आठवण काढतो." आता उन्हाळ्याच्या सुटीत तो आमच्याकडे राहायला येतो. ज्यांचे प्रकरण अजून सुरू आहे त्यांनी संमतीच्या अटी लिहितानाच आजी-आजोबांच्या भेटी आणि फोन यांचा उल्लेख वकिलांकडून आवर्जून करून घ्यावा, कारण पुढे कोणाचे मन कसे फिरेल हे आज सांगता येत नाही.

एक मुलगी :
माझ्या आईवडिलांनी घटस्फोट कधी घेतलाच नाही. आई मला घेऊन माहेरी आली आणि तिथेच राहिली. "बाबांना सांग, फी भरायची आहे", "आईला सांग, पुढच्या महिन्यात बघू", असे निरोप मी पोहोचवत असे आणि निरोप कडवट असला की शब्द बदलून सांगत असे. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. पोटगी मागण्यासाठी आधी घटस्फोट व्हावा लागत नाही, हे आईला कोणी सांगितलेच नाही, आणि कोर्टाची पायरी चढलो तर चारचौघांत नाव जाईल, असे आजोबांना वाटे. त्यांच्या पेन्शनवर माझे शिक्षण झाले.

एक मामा :
बहीण परत आली त्या वर्षी वडिलांनी माझे लग्न पुढे ढकलले, कारण पाहुणे तिच्याविषयी विचारतील ही त्यांना धास्ती होती. आईने हळदीकुंकवाला जाणे सोडले, ते कायमचेच.

एक वडील :
वरील ताईंचा अनुभव वाचून हे लिहीत आहे. मुलीमार्फत कोणताही निरोप जाणार नाही, हे आम्ही दोघांनी समुपदेशकांपुढे सर्वांत आधी ठरवले. फी, दवाखाना, सहलीचे पैसे, सगळे आम्ही एकमेकांना थेट लिहून कळवतो. सणांवरून मात्र बराच वाद झाला. अखेर लक्ष्मीपूजनाला ती आईकडे आणि भाऊबीजेला माझ्याकडे असे ठरले, कारण तिला सख्खा भाऊ नाही आणि माझ्या भावाची मुले आमच्याच इमारतीत राहतात. पाडव्याचे अजून ठरलेले नाही.