मदत हवी आहे: रस्त्यात उभ्या ट्रॉलीला धडकून मिस्टरांचा पाय अधू झाला, साठ हजारांच्या कागदावर सही करावी का?

तुरीचं वरण · १८ जून

नमस्कार मंडळी. वाचत असते नेहमी, लिहिते पहिल्यांदाच. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं आहे तेही याच गावचे.

१५ जानेवारी, करीचा दिवस. मिस्टर (वय ३४) एका विहिरीत मोटर बसवून रात्री पावणेआठच्या सुमारास गाडीवर घरी येत होते. गाव दीड किलोमीटर राहिलं असताना कापसाने भरलेली ट्रॉली अर्धी डांबरी रस्त्यावर उभी. टायर पंक्चर झालं म्हणून ड्रायव्हर ट्रॅक्टर सोडवून स्टेपनी आणायला गावात गेलेला. ट्रॉलीला मागे लाईट नाही, रेडियम नाही. मागे दोन दगड आणि बाभळीची एक फांदी टाकलेली, बस. समोरून ट्रक फुल लाईट मारत आला. तो गेला आणि पुढे एकदम ट्रॉली.

उजव्या मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, गुडघ्याची वाटी फुटली. आधी यवतमाळला नेलं, तिथून वर्ध्याजवळच्या सावंगीच्या दवाखान्यात. ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, रॉड टाकला, त्यामुळे दवाखान्याचं मोठं बिल नाही. पण गाडीभाडं, बाहेरची औषधं, माझं तिथलं राहणं-खाणं यात साठेक हजार गेले. त्यातले चाळीस बचत गटाचं कर्ज.

पाच महिने झाले, गुडघा अर्धाच वाकतो. जेवायला खाली बसता येत नाही, खाटेच्या काठावर बसून ताट हातात धरतात. शेत चार एकर, कोरडवाहू. खरी कमाई मोटर काढण्या-बसवण्याची होती, महिन्याला दहा-बारा हजार. विहिरीत उतरायचं तर एक हात दोराला आणि पाय कपारीत रोवावा लागतो. परवा एकाने बोलावलं म्हणून गेले, आणि काठावर उभं राहून दुसऱ्या पोराला 'डावीकडचा नट आधी खोल' असं सांगत होते. घरी आले ते बोललेच नाहीत काही.

ट्रॉलीवाले मामाजींचे (सासऱ्यांचे) जुने सोबती. खोटं कशाला बोलू, त्या रात्री त्यांनीच स्वतःच्या गाडीत टाकून नेलं, दहा हजार हातावर ठेवले. पण मी भरपाईचा विषय काढल्यापासून ते ५०० चा स्टँप घेऊन येतात. साठ हजार देतो म्हणतात. कागदावर लिहिलंय, 'माझी कोणतीही तक्रार नाही व भविष्यात करणार नाही'. मामाजी म्हणतात घेऊन टाका, पेरणी तोंडावर आहे, बियाण्याला पैसे नाहीत, गावातच राहायचं आहे.

ठाण्यात फक्त डायरीला नोंद आहे. मार्चमध्ये मी गेली तर म्हणाले, "बाई, मागून ठोकली तुमच्याच माणसाने. गुन्हा केला तर त्याच्यावरच होईल." खरंच असं आहे का? उभ्या गाडीला धडकलं तर भरपाई मिळतच नाही का? आणि सही केली तर पुढचे रस्ते बंद होतात का?

---

ठेचाभाकर · १८ जून

ताई, माह्यं ऐकाल तं साठचे ऐंशी करून घ्या अन् मोकळ्या व्हा. कोर्टात गेलं का चपला झिजते माणसाच्या. माह्या काकाची जमिनीची केस बारा वर्सं चालली, काका गेले, केस हाय अजून. आज पेरणीले पैसा पाह्यजे का दहा वर्सानं?

---

काळा कोट, पांढरी बंडी · १८ जून

ठेचाभाऊ, जमिनीचा दावा आणि अपघाताचा क्लेम एका तराजूत तोलू नका. मी अमरावतीकडे क्लेमचीच कामं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताई, सही करू नका. सगळ्यात आधी तारीख बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करायला १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तुमची १५ जुलैच्या आसपास संपते. या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर राहू नका. महिना संपायच्या आत अर्ज पडला पाहिजे. अर्ज अपघाताच्या ठिकाणी किंवा तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही चालतो, म्हणजे तुम्हाला यवतमाळच.

आता 'उभी गाडी'. कायद्यातला 'वाहनाचा वापर' हा शब्द गाडी पळत असतानापुरता नाही. १९९१ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. पुणे-बंगळूर रस्त्यावर पेट्रोलचा टँकर उलटून पडला, काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि माणसं मेली. टँकर तेव्हा हलत नव्हता, तरी वापर धरला गेला. ट्रॅक्टर सोडवून नेला होता म्हणूनही बिघडत नाही, कारण मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. रस्त्यावर धोकादायक रीतीने वाहन सोडून जायला त्याच कायद्याच्या कलम १२२ ने मनाई आहे, आणि सार्वजनिक रस्त्यात अडथळा किंवा धोका करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली गुन्हा आहे (जुन्या दंडविधानात २८३). ठाण्यात हे दोन आकडे घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. नाही घेतली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना. गुन्हा उशिरा दाखल झाला एवढ्यावरून क्लेम मरत नाही. उशीर का झाला ते सांगता आलं पाहिजे, आणि तुमचं कारण तर दवाखान्याच्या कागदांवरच आहे.

'मागून ठोकली' याचा अर्थ फार तर एवढाच की काही वाटा यांचाही धरतील. वीस-तीस टक्के कापतील, शंभर नाही.

मला तीन गोष्टी सांगा. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्हीचा विमा आहे का? कापूस कुणाचा होता? मिस्टरांचं लायसन्स?

---

तुरीचं वरण · १९ जून

मनापासून आभार दादा. एमपरिवहन या सरकारी ॲपवर ट्रॅक्टरचा नंबर टाकून पाहिला. ट्रॅक्टरचा विमा अपघाताच्या दिवशी चालू होता. ट्रॉलीला नंबरच नाही, मागे फक्त मालकाच्या नातवाचं नाव रंगवलंय. कापूस तिघांचा होता, जिनिंगला भाड्याने चालला होता. हे सगळ्या गावाला माहीत आहे.

लायसन्सचं काल लिहिताना टाळलं. यांच्याकडे लर्निंग होतं, ते संपलं होतं. हेल्मेटही नव्हतं. आता काय?

---

बांधावरचा · १९ जून

ताई, आमच्या घरी २०२१ ला असंच झालं, बाबांचा हात. कायद्याचं वकीलसाहेब सांगतीलच, मी एक वेगळी गोष्ट सांगतो. क्लेम टाकल्यावर एक दिवस चांगले कपडे घातलेला माणूस घरी येईल. गोड बोलेल, चहा पिईल, 'लवकर मंजूर करून देतो' म्हणेल. तो विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर असतो. आमच्या बाबांकडून त्याने एका कोऱ्या पानावर सही घेतली, आणि कोर्टात त्या पानावर लिहिलेलं निघालं की 'समोरच्या लाईटमुळे मला काही दिसले नाही, चूक माझी होती'. आमचा वाटा चाळीस टक्के धरला गेला. तुमच्या यांना आजच सांगून ठेवा, वकिलाशिवाय कशावरही अंगठासुद्धा नाही.

आणि हो, घरी आलेल्याला चहा द्या. चहात काही जात नाही.

---

काळा कोट, पांढरी बंडी · १९ जून

बांधावरचे भाऊ लाखाचं बोलले.

ताई, लायसन्सचं: नसणं हा वेगळा गुन्हा, त्याचा दंड वेगळा. पण लायसन्स नाही म्हणजे अपघातात चूक त्याचीच, असं आपोआप ठरत नाही. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट केलंय. हेल्मेटचा मुद्दा कंपनी काढेलच, पण मार पायाला आहे, डोक्याला नाही.

भाड्याच्या कापसाचं मात्र गोड बोलून सांगता येणार नाही. ट्रॅक्टरचा विमा बहुधा शेतीकामापुरता असतो. भाड्याने माल नेला आणि ट्रॉलीचा विमा नाही, या दोन कारणांवर कंपनी हात झटकेल. अशा प्रकरणांत न्यायाधिकरण पुष्कळदा कंपनीला सांगतं की जखमीला आधी द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. पण ट्रॉलीचा विमाच नाही असं ठरलं तर कंपनी सुटूही शकते आणि सगळं मालकावर येतं. म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या सोबत्याला झळ बसू शकते. त्यांनी साठ हजारांची घाई का लावली आहे, ते यावरून कळेल. माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. घाबरलेला आहे.

आता आकडा. अंदाज म्हणून धरा. कमाई महिना १२,०००. चाळिशीच्या आतल्या स्वतःचा धंदा करणाऱ्याला पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवतात, झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वय ३४ ला गुणक (वर्षाच्या कमाईला गुणायचा, वयावरून ठरलेला आकडा) १६, म्हणजे ३२,२५,६००. याला अपंगत्वाच्या टक्क्याने गुणायचं. ३० टक्के धरलं तर ९,६७,६८०. वर दुखणं, औषधं, गाडीभाडं, शिवाय पाच महिने कामावर न गेल्याचं वेगळं. तुम्ही स्वतः दिवसरात्र केलं त्याचंही मागता येतं, बाई ठेवली नाही म्हणून ते फुकट होत नाही. त्यातून चुकीचा वाटा कापला जाईल, आणि कमाईचा पुरावा कमी पडला तर १२,००० चे ८,००० ही होतील. तरी ६० हजार कुठे आणि हे कुठे.

टक्क्याबद्दल नीट वाचा. डॉक्टर पायाचं अपंगत्व लिहितो, संपूर्ण शरीराचं त्याहून कमी निघतं. पण सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजय कुमार प्रकरणात सांगितलंय की बघायचं ते त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला. टेबलावर बसणाऱ्याचा गुडघा आणि विहिरीत उतरणाऱ्याचा गुडघा सारखा नाही. तुम्ही ते काठावर उभं राहण्याचं लिहिलंत ना, तेच साक्षीत सांगायचं. ज्यांच्या मोटारी त्यांनी बसवल्या अशा चार शेतकऱ्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा, कमाईचा पुरावा तेच.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना तिथे मोफत वकील मिळतो, आणि अर्ज मिस्टरांच्या नावाने असला तरी उत्पन्नाच्या अटीत ते बसतात का ते विचारा. टक्केवारीवर काम करणारे वकील दवाखान्याच्या दारातच भेटतात. मी काही बोलत नाही, आमच्याच जातकुळीतले आहेत.

---

ठेचाभाकर · १९ जून

बापा! मी तं ऐंशी म्हनत होतो. ताई, माह्यं इसरा.

त्या रातचा फोटो हाय का कोनापाशी? आमच्या इकडं माणूस पडला का पह्यले फोन निघते, मंग पानी.

---

मोबाईल डॉक्टर · २० जून

फोटो असेल तर एक सांगतो, दुकान मोबाईलचंच आहे माझं. व्हॉट्सॅपवर मागवू नका. तिथून आला की तारीख-वेळेची माहिती फोटोतून निघून जाते. ज्याने काढला त्याच्या फोनमधली मूळ फाईल हवी, फोन विकू नको म्हणावं आणि कॉपी केबलने घ्या. कोर्टात द्यायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं, जुन्या कायद्यात ज्याला ६५ बी म्हणायचे. वकील करून देतात ते.

---

तुरीचं वरण · २७ जून

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, पेरणीत होते. बियाणं गटातल्या बायांनी उधार दिलं. स्टँप परत केला.

तो कसा परत केला तेही सांगते. ट्रॉलीवाले काका ओसरीत बसले होते, मीच म्हटलं, "काका, त्या रात्री तुम्ही नेलं नसतं तर पाय काय, माणूसच राहिला नसता. ते विसरणार नाही. पण सही नाही करणार." ते काही बोलले नाहीत. मामाजी उठून गोठ्यात गेले. चार दिवस झाले, मामाजी माझ्याशी बोलत नाहीत. भाकरी मात्र माझ्याच हातची खातात.

ठाण्यात लेखी तक्रार दिली. दोन कलमं पाहून साहेबांनी वर पाहिलं आणि "कोणी लिहून दिलं?" विचारलं. पोच मिळाली, शिक्का आहे. विधी सेवाचा वकील मिळालाय, अर्ज तयार आहे, मंगळवारी यवतमाळला दाखल करायचा. अपंगत्वाच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. प्रमाणपत्र नंतर जोडता येतं असं वकील म्हणाल्या.

फोटो सापडला. दूध घालायला जाणाऱ्या पोराने काढला होता, ७ वाजून ५२ मिनिटांचा. ट्रॉलीची मागची फळी, नातवाचं नाव आणि खाली बाभळीची फांदी. रेडियम कुठेच नाही.

काल तीच ट्रॉली खताची पोती घेऊन आमच्या दारावरून गेली. मागच्या फळीवर दोन्ही बाजूंनी लाल रेडियमच्या नव्याकोऱ्या पट्ट्या. हे खाटेवरून बघत होते, म्हणाले, "चांगलं झालं, लावले." मी फोटो काढून ठेवला. त्याचा काही उपयोग होतो का, काळा कोट दादा?